पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण

चलनाच्या व्यवहारात नव्याने उतरणाऱ्याला शिस्त हवी, हे सगळेच सांगतात. ती शिस्त म्हणजे नेमके काय, याचे उत्तर शोधायला विरारच्या मनवेलपाड्याहून फार लांब जावे लागत नाही. जवळचे नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने या शूर्पारकात धर्मशाळा बांधल्याचा उल्लेख नाशिकच्या लेण्यांत आहे. त्याच लेण्यांत सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा त्याचा एक हिशेबही कोरलेला आहे : दान ७०,००० कार्षापणांचे (चांदीच्या नाण्यांचे), एका सुवर्णाला (सोन्याच्या नाण्याला) ३५ कार्षापण, म्हणजे २,००० सुवर्ण. दान देणाऱ्याने रक्कम तर सांगितलीच, शिवाय कोणत्या दराने ती मोजली तेही सांगितले. दर न लिहिता नुसती रक्कम लिहिली असती, तर तो हिशेब पुढे कुणालाच तपासता आला नसता.

याच ठिकाणचा दुसरा हिशेब मला त्याहून मोलाचा वाटतो. उषवदाताने विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यवसायसंघाकडे, २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले. वर्षाचे व्याज झाले २४०. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी १२ द्यायचे, म्हणजे खर्चही बरोबर २४०. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, अशी अट आहे. आणि हे सारे नगराच्या सभेत जाहीर करून दप्तरी नोंदवले आहे. खर्चाची मर्यादा आधी ठरवायची, मुद्दलाला हात लावायचा नाही आणि नोंद दुसऱ्याला तपासता येईल अशी ठेवायची, ही ती शिस्त. भाव कुठे जाईल याचे भाकीत त्यात कुठेच नाही.

यावर कोणी म्हणेल, तेव्हा दर स्थिर होते, आता ते क्षणाक्षणाला हलतात. पण ती स्थिरता वाटते तेवढी नव्हती. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर नहपानाला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवलेला आहे. सत्ता उलटली आणि त्याच चांदीवर जेत्याचे नाव आले. पुढे पेशवाईतही अंकुशी, चांदवडी, सुरती असे रुपये एकाच बाजारात फिरत. सराफ आणि पोतदार नाणे वाजवून, तोलून, कस पाहून त्यावर बट्टा ठरवत, आणि रोजकीर्द संध्याकाळी मिळवली जाई. अनिश्चितता त्यांच्या रोजच्या कामाचाच भाग होती. १८३५ मध्ये कंपनीने एकसारखा रुपया पाडायला घेतला, तेव्हापासून हे काम हळूहळू आटत गेले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सराफाला प्रत्येक अदलाबदलीत बट्टा मिळे, भाव वर जावो की खाली. आजचा नवखा मात्र प्रत्येक सौद्याला दलाली भरतो. हे मला पूर्ण मान्य आहे. त्यामुळेच शिस्तीने नफा होतो, असे मी म्हणत नाही. नियमित नोंद एवढेच करते की आपली रीत दलाली वजा जाता काही उरवते की नाही, हे मुद्दल शिल्लक असतानाच दाखवते. उरत नसेल तर थांबायला हवे, आणि थांबता येणे हाही शिस्तीचाच भाग आहे. नोंद न ठेवणाऱ्याला दोन नफे लक्षात राहतात, दहा तोटे विसरले जातात.

कीर्दीत सौदा लिहिण्याआधी त्याचे कारणही लिहावे लागेल. शेअर बाजारावर डॉलर-रुपयाचे वायदे २००८ मध्ये सुरू झाले. ते परकीय चलनातली खरी जोखीम झाकण्यासाठीच आहेत, हे रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. निर्यातीचे पैसे यायचे आहेत की परदेशी माल आणायचा आहे, हे त्या ओळीत यायला हवे. तिथे लिहिण्यासारखे काहीच नसेल, तर तो सौदा करायचाच नाही.