डच युद्धनौकेचा माग : वेंगुर्ले ते हेग

सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत डच प्रजासत्ताकाचे कायमस्वरूपी आरमार तुटपुंजे होते. १६५२ मध्ये इंग्लंडशी युद्ध पेटले तेव्हा व्यापाऱ्यांची जहाजे भाड्याने घेऊन त्यांवर तोफा चढवाव्या लागल्या. अशा भाडोत्री नौकेचा माग काढणे आज जिकिरीचे ठरते, कारण १८४४ मध्ये हेग येथे लागलेल्या आगीत डच नौदल मंडळांचे बरेचसे दप्तर भस्मसात झाले. अभ्यासकांना मग मध्यवर्ती सभेचे ठराव आणि नोटरींकडील करारपत्रे धुंडाळावी लागतात.

डच ईस्ट इंडिया कंपनीचे दप्तर मात्र सुदैवाने टिकले. हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ते एक किलोमीटरहून अधिक लांबीच्या फळ्या व्यापते. महाराष्ट्राच्या दृष्टीने त्यातील वेंगुर्ल्याची पत्रे मोलाची. १६३७ मध्ये तेथे वखार उघडली ती गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या जहाजांना रसद व बातम्या पुरविण्यासाठी. प्राचार्य बाळकृष्ण यांनी आपल्या शिवचरित्रासाठी डच कागदपत्रे वापरली, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही.

नौकांच्या देवघेवीचा एक प्रसंग तर थेट शिवाजी महाराजांशी निगडित आहे. १६७३ च्या प्रारंभी रिक्लॉफ व्हान खून्स हा डच सेनानी वीसहून अधिक जहाजे घेऊन मुंबईसमोर आला. महाराजांनी मुंबईवरील हल्ल्यासाठी ३,००० माणसे द्यावीत, मोबदल्यात डच आरमार दंडाराजपुरी घेण्यास साहाय्य करील, असा त्याचा प्रस्ताव इंग्रजी साधनांत नोंदलेला आहे. सौदा जमला नाही आणि मुंबई बचावली.

या ताफ्यातील एखादी नौका ओळखायची तर प्रथम तारखांचा घोळ सोडवावा लागतो. कंपनीचे डच कारकून नवी दिनगणना पाळत, इंग्रज जुनी. त्यामुळे दोहोंत दहा दिवसांचे अंतर पडते. शिवाय इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला सुरू होई. साहजिकच १६७३ चा फेब्रुवारी त्यांच्या कागदांत १६७२ म्हणून येतो. जहाजांची नावेही फसवी असतात. एकच नाव अनेक नौकांना दिले जाई. १९७९ ते १९८७ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्रिखंडात्मक डच सूचीत जहाजाचे वजन, बांधणीचे वर्ष व कप्तान सापडतो, पण ती युरोप-आशिया फेऱ्यांपुरतीच. कोकण किनाऱ्यावरील हालचालींसाठी पुन्हा वेंगुर्ल्याची पत्रे आणि बटाव्हियाची रोजनिशीच उघडावी लागते.