नागवेल, कुंभकोणम्‌ची : उष्णता व कार्बन डाय-ऑक्साइड यांचे परिणाम

(पायपर बीटल, कुल–पायपरेसी). मिरवेल व पिंपळी यांच्याच प्रजातीतील ही सावलीप्रिय वेल तंजावूर जिल्ह्यात कावेरीकाठच्या गाळाच्या जमिनीत, कुंभकोणम्, पापनाशम् व तिरुवैयारु या टापूत पूर्वापार लावली जात असून, तेथील पातळ, फिकट हिरव्या व बेताच्या तिखट पानास 2025 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मिरवेलीचे उत्पन्न फळात मोजतात, नागवेलीचे पानातच, आणि त्यातही पानाची प्रत पाहिली जाते. यामुळे वाढ अधिक झाली म्हणजे लाभ झाला, हा हिशेब येथे लागू पडत नाही.

लागवड : उंच वाफे व त्यांच्यामध्ये पाट अशी रचना करून प्रथम हादग्याचे बी पेरतात व तो पुरेसा वर आल्यावर त्याच्या पायथ्याशी वेलीची कांडी लावतात. वेल जसजशी चढते तसतशी केळीच्या सोपटाने, वीतभर अंतरावर, हादग्यास सैल बांधली जाते. गाठ आवळली तर कोवळे खोड काचते. हादगा सुमारे 4 मी. उंचीवर छाटतात. पानमळ्यातील सावली, व म्हणून तेथील हवा, या छाटणीवर अवलंबून असल्याने, हवामान खात्याच्या उघड्या जागेतील तापमानावरून मळ्याविषयी अनुमान काढणे फसवे ठरते.

उष्णता : मे महिन्यात, सूर्य कृत्तिकेच्या आगेमागे असता येणाऱ्या ‘अग्निनक्षत्रा’च्या सुमारे 25 दिवसांत या प्रदेशाचा उन्हाळा टोकास जातो. नेमक्या याच काळात कालवे कोरडे असतात, कारण 1934 मध्ये पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणाचे पाणी, साठा पुरेसा असल्यास, रिवाजाप्रमाणे 12 जूनला सोडले जाते; तोवर मळ्याची भिस्त विहिरींवर राहते. पाणी अपुरे पडले की पर्णरंध्रे मिटतात, बाष्पोच्छ्वास मंदावतो, पान स्वतःस थंड राखू शकत नाही आणि कडा करपतात. कर्ब बांधणाऱ्या विकरास कार्यक्षम ठेवणारे प्रथिन उष्णतेस विशेष नाजूक असल्याने प्रकाशसंश्लेषण मंदावते. रात्रही उष्ण असली तर दिवसाच्या कमाईचा मोठा वाटा श्वसनात खर्च होतो.

कार्बन डाय-ऑक्साइड : औद्योगिक युगापूर्वी दशलक्ष भागांत सुमारे 280 असलेले या वायूचे प्रमाण आता 420 च्या पुढे गेले आहे. नागवेल कर्बग्रहणाच्या तीन-कर्बी गटातील असल्याने वायू वाढला की प्रकाशश्वसनातील नासाडी घटते व वाढीस चालना मिळते, हे तत्त्वतः खरे आहे. परंतु अशा वनस्पतींची पाने वाढीव वायूत सामान्यतः जाड होतात, त्यांत पिष्ट साचते व नत्राचे प्रमाण उतरते. पालेभाजीत हे कदाचित चालेल, पण ज्या पानाची ख्याती पातळपणावर उभी आहे त्याची प्रत यामुळे खालावण्याचाच संभव अधिक. शिवाय रंध्रे अंशतः मिटून पाण्याची जी बचत होते तिची किंमत पानाच्या वाढलेल्या तापमानाच्या रूपाने द्यावी लागते, म्हणून दोन्ही कारणे एकत्र आली असता एकाचा लाभ दुसऱ्याच्या हानीतून सरळ वजा करता येत नाही. युजेनॉल, चॅव्हिकॉल आदी तिखट द्रव्यांवर वाढीव वायूचा काय परिणाम होतो याविषयी मतैक्य नाही. वाढीव वायूचा परिणाम प्रत्यक्ष तपासण्याचे उदाहरण म्हणजे, शेजारच्या केरळात, कासरगोडच्या केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेत उघड्या माथ्याच्या कक्षांत 550 व 700 भाग प्रमाणात नारळाची रोपे वाढवून पाहिली गेली आहेत.



रोग : मूळकुज (फायटोफ्थोरा) ही पावसाळ्यातील बाब असल्याने उन्हाळ्यातील उष्णतेच्या या विचारात ती येत नाही.

व्यापार : शेंड्याच्या कोवळ्या पानास तमिळमध्ये ‘कोळुंदु’ म्हणतात व ते सर्वांत वरच्या प्रतीचे मानले जाते. पाने शंभरांच्या जुडीने मोजतात. त्या जुडीस तेथे ‘कवुळी’ म्हणतात, आणि मराठीतही विड्याच्या पानांची जुडी कवळीच होय.