दप्तरांतील रिकामी जागा

जुनें मराठी पत्र प्रथमच हातीं घेणाराची एका गोष्टीनें मोठी निराशा होते. मोडीचा अडसर दूर झाला, विज्ञापनेचे व साष्टांग नमस्कारांचे मायने ओलांडून मजकुराशीं भेट झाली, मजकूरहि रसाळ निघाला. आणि शेवटीं तारीख पाहावी तों ‘छ १४ जमादिलावल’ एवढेंच! मुसलमानी महिन्याचा चौदावा चंद्र समजला. पण वर्ष कोणतें? तें लिहिणारास ठाऊक होतें व वाचणारासहि ठाऊक होतें. जासूद चार दिवसांत पत्र पोंचविणार, उत्तर जाणार, कागद रुमालांत बांधला जाणार. शंभर-दीडशें वर्षांनीं कोणी तिसराच तो रुमाल सोडील, ही कल्पना त्या कारकुनास शिवण्याचें कारणच नव्हतें.

ह्यावरून आपल्या पूर्वजांची कचेरी गबाळी होती असा तर्क कोणी करील तर तो फसेल. त्याच काळची सनद पाहावी. साताऱ्याच्या छत्रपतींच्या पत्रांवर राज्याभिषेक शक असतो; पेशव्यांच्या सनदेवर सुहूर सन, आणि तोहि आंकड्यांत नसून अक्षरांत: ‘इहिदे सबैन मया व अलफ’, म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७१; इसवी १७७०-७१. शिवाय शिक्का, मोर्तब, आणि ‘बार’, म्हणजे कागद दप्तरीं नोंदला गेल्याची खूण. इनामी जमिनीवरून नातवंडांच्या वेळीं तंटा उभा राहणार हें सर्वांस माहीत होतें. म्हणून सनदेस अनेक हातांची राखण, आणि पत्रास एकाचीहि नाहीं.

ह्या बिनसालाच्या पत्रांचा खरा उपसर्ग पोंचला तो मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) ह्यांस. मिरजेच्या शाळेंत संस्कृत शिकविणारे हे गृहस्थ पटवर्धनांच्या दप्तरांत शिरले आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध करूं लागले; त्यांच्या हयातींत त्याचे बारा भाग निघाले. (१८०१ सालीं चिंतामणराव मिरजेहून वेगळे होऊन सांगलीस राहिले, तें हेंच घराणें.) अशा पत्राचें साल ठरवावयाचें कसें? तिथि व वार दोन्ही दिले असतील तर पंचांगाशीं ताडून पाहावयाचें. अधिक मासाचा उल्लेख आला तर बहुतेक वर्षें आपोआप गळतात. थोरले माधवराव हयात असल्याप्रमाणें लिहिलें असेल तर पत्र १८ नोव्हेंबर १७७२ च्या पूर्वींचें. सुहूर सन मृगास पालटतो, शक चैत्रांत पालटतो, आणि मुसलमानी महिने दरसाल दहाअकरा दिवस मागें सरकत जातात. ह्या तीन चाकांचे दांते जेथें जुळतात तेथें साल सांपडतें. काम किचकट खरें, पण होण्यासारखें. जागा रिकामी आहे हें डोळ्यांस दिसतें, म्हणूनच कोणीतरी तें हातीं घेतो.

आतां उलट उदाहरण साताऱ्याचें. मल्हार रामराव चिटणीस हे छत्रपतींच्या वंशपरंपरेच्या चिटणिसांपैकीं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं त्यांनीं शिवछत्रपतींची बखर लिहिली. अशा बखरींतून शिवजन्माचें साल शके १५४९, म्हणजे इसवी १६२७, असें रूढ झालें. पेशवाई बुडाल्यावर साताऱ्यास नेमला गेलेला ग्रँट डफ ह्यानें १८२६ सालीं आपला इतिहास छापला, त्यांतहि १६२७ च. आणि तेथून तें साल शाळेच्या पुस्तकांत गेलें. एवढे साक्षीदार असतां शंका कोणास येणार? पण ते साक्षीदार नव्हतेच. एकाचें ऐकून दुसऱ्यानें सांगितलेलें होतें. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरची रूक्ष शकावली टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केली, तींत शके १५५१, फाल्गुन वद्य ३ निघाली. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पुढें परमानंदाचें शिवभारत व जोधपुराकडची जन्मकुंडली ह्यांतूनहि तीच तिथि बाहेर आली, आणि ह्या तिघांचा परस्परांशीं कांहीं संबंध नव्हता. तरीहि वाद निवण्यास विसावें शतक सरत आलें. पटवर्धनी पत्राचें हरवलेलें साल लावण्यास शास्त्रीबोवांस एखादी रात्र पुरत असेल. नीटनेटकें लिहिलेलें चुकीचें साल उपटण्यास एवढा काळ लागला!

हें सर्व आठवण्यास एक क्षुल्लक काम कारण झालें. एका महाविद्यालयाचीं जुनीं नोंदपुस्तकें संगणकांत उतरविण्याच्या समितीवर माझी नेमणूक झाली. पाहतों तों पानामागून पान १ जून रोजीं जन्मलेल्या मुलांचें! वाचकांस ह्यांत नवल वाटणार नाहीं. जूनमध्यें शाळा उघडे, बाप मुलाला खांद्यावर घेऊन येई, आणि गुरुजी उंची पाहून वय ठरवीत. माझ्या वडिलांची नोंद अशीच. आजी शेवटपर्यंत म्हणे, “नागपंचमीच्या आदल्या दिवशीं झाला, कृष्णेला पूर होता.” साल तिला सांगतां येत नसे, पण जून खास नव्हे. त्या १ जूनच्या हिशेबानें वडील नोकरींतून बाहेर पडले तेव्हां धाकट्या बहिणीचें शिक्षण व्हावयाचें होतें. त्यांनीं अर्ज केला. उत्तर आलें कीं नोंद स्पष्ट आहे.

दुसरी गंमत जिल्ह्याची. १९४९ सालीं ‘दक्षिण सातारा’ जिल्हा निघाला आणि १९६० सालीं त्याचें नांव सांगली झालें. मधल्या वर्षांत जन्मलेल्यांच्या दाखल्यांवर तें जुनें नांव आहे. यंत्राच्या यादींत तसा जिल्हाच नाहीं. तेव्हां कारकुनानें जवळचा म्हणून ‘सातारा’ निवडला, आणि तासगांवची बरीच मंडळी एका दुपारीं साताऱ्याची झाली. कांहीं नोंदींत जन्मतारीखच नव्हती. “रिकामी जागा यंत्र घेत नाहीं, सर. १ जून घालूं का?” त्यानें अगदीं सरळपणें विचारलें.

छापील पत्रसंग्रहांत संपादकानें अनुमानानें लावलेली तारीख मूळ तारखेहून वेगळी दाखविण्याची चाल आहे. तसाच एक जादा रकाना मीं मागितला, व रिकामी जागा रिकामीच ठेवण्याची मुभा. खर्चावरून दोन सभा झाल्या. दोन्ही गोष्टी शेवटीं मिळाल्या. रकान्याचें नांव ‘कशावरून’. त्यांत बहुधा ‘दाखल्यावरून’ असेंच येतें. परवां एका ठिकाणीं ‘आईच्या सांगण्यावरून, साल ठाऊक नाहीं’ असें आलें, आणि तें दाखविण्यासाठीं कारकून मुद्दाम जिना चढून माझ्या खोलींत आला.