अतिदक्षता परिचर्या, भंडारा जिल्ह्यातील

अत्यवस्थ रुग्णाचे श्वसन, हृदयक्रिया व रक्तदाब यांवर अखंड लक्ष ठेवून केली जाणारी शुश्रूषा म्हणजे अतिदक्षता परिचर्या. परिचर्येची ही शाखा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विकसित झाली. साहजिकच तिच्या पहिल्या परिचारिका अन्य विभागांतून आलेल्या होत्या. कोपनहेगन येथे १९५२ मध्ये पोलिओची साथ उद्‌भवली, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन यांच्या सूचनेवरून श्वासनलिकेत नळी बसवून रबरी पिशवीने रुग्णांना हाताने श्वास देण्यात आला. हे काम सु. १,५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने केले. त्यांना या कामाचा पूर्वानुभव नव्हता. तो रुग्णाच्या उशाशीच मिळवावा लागला.

भारतात भारतीय परिचर्या परिषदेने या शाखेसाठी एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम व पुढे दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आखला. जिल्हा रुग्णालयांतील परिस्थिती मात्र वेगळी असते. तेथे शल्य किंवा प्रसूती कक्षातील परिचारिका बदलीच्या आदेशानेही अतिदक्षता कक्षात येते. नवजात शिशूंच्या विशेष कक्षांसाठी शासकीय योजनेत चार दिवसांचे प्रशिक्षण व त्यानंतर दोन आठवडे मोठ्या रुग्णालयात प्रत्यक्ष निरीक्षण अशी तरतूद आहे. भंडाऱ्याला नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९४७) जवळचे आहे.

प्रसूती कक्षातून आलेल्या परिचारिकेस न रडणाऱ्या अर्भकाला श्वास देण्याची सवय असते, तर शल्य कक्षातून आलेलीस निर्जंतुकतेची शिस्त अंगवळणी पडलेली असते. नवे शिकावे लागते ते प्रमाण. औषधाची मात्रा अर्भकाच्या वजनानुसार काढावयाची असून सलाइनही तासाला काही मिलिलिटर इतकेच द्यावयाचे असते. अपुऱ्या दिवसांच्या बालकास प्राणवायू जास्त झाल्यास दृष्टिपटलास इजा होते. म्हणजे जो प्राणवायू सामान्य कक्षात निःशंकपणे दिला जातो, तोच येथे मोजून द्यावा लागतो. यंत्राची घंटा वारंवार वाजू लागली की कान सरावतात, हा धोकाही निराळाच. ही जाण अनुभवी सहकारिणीसोबत रात्रपाळ्या केल्यानेच येते, दोन आठवड्यांत ती पुरती येत नाही.

भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर आग लागली. कक्षातील १७ बालकांपैकी १० दगावली व ७ वाचविण्यात आली. मृतांपैकी बहुतेकांचा अंत धुराने गुदमरून झाला. चौकशीनंतर काही अधिकारी-कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली आणि कंत्राटी परिचारिकांच्या सेवा संपुष्टात आणण्यात आल्या. कंत्राटी नेमणुकीत अनुभव साचत नाही, ही गोष्ट या चर्चेत काहीशी मागे पडली. वास्तविक विजेची उपकरणे, प्राणवायूची नळी व स्वतः हलू न शकणारे रुग्ण एकाच खोलीत असताना कक्ष रिकामा कसा करावा, हाही या परिचर्येचाच भाग होय. त्याचा सराव औषधांच्या मात्रेइतकाच आवश्यक असतो.

पुढे काही महिन्यांतच, एप्रिल २०२१ च्या सुमारास, कोविड-१९ ची दुसरी लाट विदर्भात तीव्र झाली. राज्यभर सामान्य कक्षांतील परिचारिकांना प्राणवायूच्या व श्वसनयंत्राच्या खाटांवर नेमावे लागले आणि अनेकींचे शिक्षण रुग्णसेवा चालू असतानाच झाले.