बोट कोणाची होती?

कोकणातल्या मैत्रिणींना शिडाची होडी सांगायला नको. डोलकाठीला शीड, मागे सुकाणू, आणि वाऱ्याचा स्वभाव ओळखणारं माणूस. अशा होड्यांच्या शर्यती ऑलिंपिकमध्येही होतात. त्यांचा इतिहास चाळताना आम्ही एकच प्रश्न विचारत गेलो: बोट कोणाची होती?

१८९६ च्या पहिल्या ऑलिंपिकमध्ये एकही बाई नव्हती. १९०० साली पॅरिसला बायका आल्या. २२ मे रोजी सीन नदीवर स्वित्झर्लंडची ‘लेरिना’ बोट जिंकली. तिच्यावर तिघं होते: हर्मान द पुर्तालेस, त्यांचा पुतण्या आणि बायको एलेन. ऑलिंपिक जिंकणारी ही पहिली बाई. बोट नवऱ्याची होती.

१९०८ साली इंग्लंडच्या फ्रान्सिस रिव्हेट-कार्नॅक नवऱ्याबरोबर जिंकल्या. त्यांच्या गटात दुसरी बोटच उतरली नव्हती, पण सुवर्णपदक ते सुवर्णपदकच! १९२० साली डोरोथी राइट जिंकल्या, त्याही नवऱ्याबरोबर. शेताचं सगळं करायचं आणि सातबाऱ्यावर नाव मात्र धन्याचं, हे आपल्याला काही नवीन नाही. १९२८ साली फ्रान्सच्या व्हर्जिनी एरियो जिंकल्या, त्या मात्र स्वतःच्या बोटीवर. अर्थात त्या पॅरिसमधल्या एका बड्या दुकानाच्या मालकांची लेक. ज्या बाईकडे माहेरचा पैसा नाही तिनं काय करायचं?

फक्त बायकांची अशी शर्यत यायला १९८८ साल उजाडलं. एलेनच्या विजयानंतर अठ्ठ्याऐंशी वर्षं! सोल ऑलिंपिकमधली ही शर्यत कोरियातल्या बुसानच्या समुद्रात झाली, दोघींनी चालवायच्या होडीची. अमेरिकेच्या ॲलिसन जॉली आणि लिन ज्युएल यांच्या पुढच्या शिडाची तार शेवटच्या शर्यतीत तुटली. मदतीला तिसरं कोणी नव्हतं. पाण्यावरच दोघींनी ती दुरुस्त केली, शर्यत पुरी केली आणि सुवर्णपदक घेतलं.

आता जवळची गोष्ट. मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातल्या एका खेड्यातली नेहा ठाकूर, शेतकऱ्याची मुलगी. गावापासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. ती शिडाची होडी शिकली भोपाळच्या राष्ट्रीय सेलिंग स्कूलमध्ये, तिथल्या मोठ्या तलावावर. घरी बोट असण्याचा प्रश्नच नव्हता. २०२३ साली, सतराव्या वर्षी, ती चीनमधल्या आशियाई खेळांत एकटीनं होडी चालवायच्या मुलींच्या गटात उतरली.

या खेळाचा हिशेब जरा उलटा असतो. पहिली येणारीला एक गुण, दुसरीला दोन. म्हणून जिचे गुण सगळ्यांत कमी, ती जिंकते. शिवाय आपली सगळ्यांत वाईट शर्यत हिशेबातून वगळतात. नेहाच्या अकरा शर्यती झाल्या. एक वगळून सत्तावीस गुण उरले, आणि रौप्यपदक तिच्या गळ्यात पडलं.