एक खिडकी, तीन कप्पे

संत्रा आणि कापूस यांसाठी परिचित असलेल्या नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात एखाद्या संत्रा व्यापाऱ्याचा हिशेब संगणकावर आणायचा झाल्यास पडदा कसा असावा? डाव्या कप्प्यात कोंढाळी, पारडसिंगा, मेटपांजरा अशी गावे. मधल्या कप्प्यात निवडलेल्या गावातील बागायतदार. आणि उजवीकडे त्या बागायतदाराचा आंबिया वा मृग बहार, उचललेला माल व दिलेला इसार. ई-मेलच्या प्रोग्राममुळे अनेकांच्या परिचयाची झालेली हीच ती बहुकप्पी रचना होय.

मेळ राखण्याचे काम

कप्पे आखणे सोपे असते. त्यांचा मेळ राखणे अवघड. जुन्या, आदेशात्मक पद्धतीत ‘गाव बदलले, आता यादी पुसा, नवी भरा, मग तपशील बदला’ अशी प्रत्येक पायरी प्रोग्रामरला लिहावी लागते. एखादी पायरी राहून गेली, की मध्ये नव्या गावाची यादी आणि उजवीकडे जुन्याच बागायतदाराचे खाते दिसत राहते. मग इसाराची रक्कम भलत्याच्याच नावे नोंदली जाते.

घोषणात्मक पद्धतीत कोणत्या स्थितीत पडदा कसा दिसावा, एवढेच सांगितले जाते. निवडलेले गाव आणि निवडलेला बागायतदार या नोंदी एकाच ठिकाणी ठेवल्या जातात. त्या बदलल्या, की फ्रेमवर्क त्यावर अवलंबून असलेले कप्पे स्वतःच नव्याने मांडते.

डब्ल्यूपीएफ ते फ्लटर

मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये ‘डब्ल्यूपीएफ’द्वारे पडद्याचे असे वर्णनात्मक लेखन विंडोजवर आणले. ॲपलचे ‘स्विफ्टयूआय’ २०१९ मध्ये आले. दोन वा तीन स्तंभांसाठीचा ‘नॅव्हिगेशनस्प्लिटव्ह्यू’ हा घटक त्यात २०२२ मध्ये दाखल झाला. आयफोनच्या अरुंद पडद्यावर हे स्तंभ एकामागोमाग एक उघडतात. गुगलचे ‘फ्लटर’ही २०२२ पर्यंत विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींसाठी स्थिर रूपात उपलब्ध झाले.

घ्यावयाची काळजी

तथापि, काही निर्णय प्रोग्रामरलाच घ्यावे लागतात. गाव बदलताच बागायतदाराची निवड रद्द व्हावी आणि उजव्या कप्प्यात ‘बागायतदार निवडा’ अशी सूचना दिसावी. एकाच गावात एका नावाचे दोघे असू शकतात. म्हणून खाते नावाने नव्हे, क्रमांकाने ओळखावे. अर्धवट भरलेली नोंद सोडून जाताना ती जतन करायची का, हे विचारावे. देवनागरीतील वेलांट्या व उकार कापले जाऊ नयेत, यासाठी ओळींना पुरेशी उंची द्यावी. एवढे पथ्य पाळल्यास पडद्यावर दिसणारे नाव आणि खात्यात जाणारी रक्कम यांची फारकत होण्याचा धोका पुष्कळच कमी होतो.