तिकिटावरचा गरुड कोणाचा?

मध्ययुगीन चित्रकलेतले प्राणी टपाल तिकिटांवर येतात तेव्हा त्यांचे आधी दोन वर्ग पाडावे लागतात. काही प्राणी निव्वळ चित्रविषय असतात. भारतीय टपाल खात्याच्या 1973च्या लघुचित्रांच्या संचात साखळदंडाने जखडलेला हत्ती आहे. तो हत्तीच आहे, दुसऱ्या कोणाच्या वतीने उभा नाही. दुसऱ्या वर्गातले प्राणी कोणाची तरी ओळख पटवतात, तीर्थंकराच्या मूर्तीखालच्या लांछनासारखी. ख्रिस्ती शुभवर्तमानांच्या हस्तलिखितांतले सिंह, बैल आणि गरुड या वर्गातले. गुंतागुंत आहे ती यांच्याच बाबतीत.

यहेज्केलाच्या दृष्टांतात आणि प्रकटीकरणाच्या चौथ्या अध्यायात मनुष्य, सिंह, बैल आणि गरुड यांची रूपे येतात. ही चार रूपे म्हणजे चार शुभवर्तमानकार, हा अर्थ नंतरच्या भाष्यकारांनी लावला आणि वाटणीवर त्यांचे एकमत नव्हते. दुसऱ्या शतकातल्या आयरेनियसने सिंह योहानाला आणि गरुड मार्कला दिला. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने याच दोघांची अदलाबदल केली: मार्कची सुरुवात अरण्यात घुमणाऱ्या आवाजाने होते म्हणून त्याचा सिंह, आणि योहानाचे चिंतन उंच झेपावते म्हणून त्याचा गरुड. पुढे युरोपभर जेरोमचीच वाटणी रूढ झाली, पण जुनी लगेच पुसली गेली नाही.

याचा उत्तम पुरावा म्हणजे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातले ‘बुक ऑफ डरो’, साधारण 700 सालच्या सुमाराचे. त्यातला सिंह पानभर एकटाच चालतो आहे. अंगावर लाल-हिरव्या चौकटींची दाट नक्षी, डोक्यावर ठिपके, पाठीवर वळलेली शेपटी. पंख नाहीत, आणि तो कोणाचा हे सांगणारी ओळही नाही. तो 191व्या पत्राच्या मागच्या बाजूस, योहानाच्या शुभवर्तमानाआधी आहे; गरुड 84व्या पत्राच्या मागे, मार्कच्या आधी. म्हणजे इथे अर्थ सांगते ती ग्रंथातली जागा. लिंडिसफार्नच्या हस्तलिखितात मात्र पंखवाल्या सिंहाशेजारी मार्क बसलेला आहे आणि दोघांची नावे चित्रातच लिहिली आहेत. असे चित्र ग्रंथाबाहेर काढले तरी आपली ओळख बरोबर घेऊन जाते. डरोच्या सिंहाला ते जमत नाही.

तिकीट नेमकी हीच जागा काढून घेते. जर्मन चित्रकार हाइन्रिश गेर्ल यांनी केलेली आयर्लंडची नित्य वापराची तिकिटे 1968 साली आली आणि 1982मध्ये नवी मालिका येईपर्यंत चालली. त्यांवर प्राचीन आयरिश कलेतले कुत्रा, हरीण, पंखवाला बैल आणि गरुड आहेत. तिकिटावर मजकूर म्हणाल तर देशाचे नाव आणि किंमत, एवढाच. बैल लूकचा आणि गरुड योहानाचा, हे तिकीटसूची सांगते. बैलाबाबत वाद उद्भवत नाही, कारण आयरेनियस आणि जेरोम दोघांनीही तो लूकलाच दिला आहे. गरुडाबद्दल मात्र कोणती परंपरा मानायची ते आधी ठरवावे लागते. डरोची परंपरा मानली तर तोच गरुड मार्कचा होतो. शिवाय याच मालिकेतला कुत्रा एका जुन्या ब्रोचवरून घेतलेला आहे, त्याला कुठलेच शुभवर्तमान नाही. तरीही चौघांची मांडणी एकसारखीच आहे. रचना म्हणून ही मालिका मला फार देखणी वाटते. अर्थाच्या बाजूने मात्र तिने निव्वळ नक्षी आणि धर्मप्रतीक एका पंक्तीला बसवले.

स्मारक तिकिटाची गोष्ट निराळी. त्यावर प्रसंग, संस्था किंवा ग्रंथ यांचा उल्लेख असतो, त्यामुळे प्राण्याचा संदर्भ निदान अंशतः तरी परत मिळतो. पण ग्रंथाचे नाव छापले म्हणजे पान कळले असे होत नाही. म्हणून संग्राहकाने अल्बममध्ये अशा तिकिटाखाली ‘सिंह’ किंवा ‘मार्कचा सिंह’ एवढेच लिहून थांबू नये. मूळ हस्तलिखित, पत्रक्रमांक आणि त्या पानानंतर सुरू होणारे शुभवर्तमान या तिन्ही नोंदी असल्याशिवाय वर्गीकरण पक्के मानता येत नाही.